घासभरच, पण पुन्हा पुन्हा

ताटातली भाजी बाजूला सारून बिस्किटाच्या पुड्याकडे बोट दाखवणारं लेकरू घरोघरी आहे. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ असं म्हणू नका. त्यानं चॉकलेटचाच भाव वाढतो. अंबाडीची भाजी एकदा नाकारली म्हणजे कायमची नावडली, असं नाही. ८-१० वेळा, घासभरच, ताटात येऊ द्या. तुम्हीही तीच खा.

आता भाकरीकडे वळू. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ साली आलं. त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त. भाकरी नको असेल, तर त्याच पिठाचे मेथी घातलेले धपाटे करा. पीठ लेकरालाच मळू द्या. पसारा होईल, होऊ द्या! वरणावर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणासोबत चहा मात्र नको.