दारू, वाहन आणि कायदा
(वर्षावास व्याख्यानमालेत कोपर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मालेत आमच्या आधीच्या वक्त्यांनी धम्मातील गहन विषय मांडले. आमच्या वाट्याला आलेला विषय रस्त्यावरचा आहे. दारू पिऊन वाहन चालविले तर कायदा काय म्हणतो, एवढेच सांगायचे आहे. आम्ही वकील नाही, पोलीसही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या खिडकीमागे बसलेले कारकून आहोत. परंतु मोटारसायकलच्या कर्जाच्या फायली, विम्याचे कागद, मृत्यूचे दाखले आणि वारसांचे अर्ज आमच्या टेबलावरून जात असतात. त्या कागदांनीच आम्हाला हा कायदा वाचायला लावला.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, अंमलात आला १ जुलै १९८९ रोजी. त्याचे कलम १८५ आपल्या विषयाचे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा झाला. वाहन प्रत्यक्ष चालविलेच पाहिजे असे नाही. चालविण्याचा प्रयत्न केला तरी पुरे. गाडी चारचाकी असो की आपली रोजची स्कूटर, कलम तेच. दारूऐवजी इतर अमली पदार्थ घेतला आणि त्यामुळे वाहनावर नीट ताबा ठेवणे अशक्य झाले, तरी तेच कलम. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हा दंड १९८८ च्या कायद्यात दोन हजार रुपयांपर्यंत होता. १९८९ साली दोन हजार ही कारकुनाच्या घरात मोठी रक्कम होती. पुढे तीस वर्षे आकडा तोच राहिला आणि रुपया मात्र झिजत गेला. शेवटी १ सप्टेंबर २०१९ पासून दुरुस्ती लागू होऊन दंड दहा हजार झाला. दुसऱ्यांदा सापडल्यास पंधरा हजार आणि कैद दोन वर्षांपर्यंत.

आमच्या ओळखीतले काही जण विचारतात, "साहेब, दहा हजार भरले की मोकळे ना?" नाही. हेल्मेट नसल्याचे चलन जसे मोबाईलवर भरून मिटते, तसे हे मिटत नाही. पोलिसांच्या हाती पैसे भरून तडजोड करण्याची सोय या गुन्ह्याला नाही; न्यायालयात जावेच लागते. कोपर-डोंबिवलीच्या माणसाने त्यासाठी कल्याणचे न्यायालय गाठायचे, रांगेत उभे राहायचे, दिवसाचा रोज बुडवायचा. आणि दंडापेक्षा जड गोष्ट पुढेच आहे. कलम २० प्रमाणे दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवायचे असते. आपल्या वस्तीत रिक्षा आणि टेम्पो चालविणारी किती घरे आहेत, ते आपण मोजा. सहा महिने लायसन्स नाही म्हणजे सहा महिने धंदा नाही. रिक्षाच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतोच. न्यायालयाने दिलेली शिक्षा आमच्या संगणकाला कळत नाही. तीन हप्ते थकले की खाते थकीत यादीत जाते.

आता त्या तीस मिलिग्रॅमचा हिशोब मांडू. आकडेमोड हाच आमचा धंदा असल्याने हा भाग थोडा सविस्तर सांगतो. आपल्याकडे "क्वार्टर" म्हणतात ती बाटली १८० मिलिलिटरची. तिच्यावर बारीक अक्षरात ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे तिच्यात सुमारे साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे. साठ किलो वजनाच्या पुरुषाने ती संपविली, तर ढोबळ हिशोबाने शंभर मिलिलिटर रक्तात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल चढते. कायद्याच्या मर्यादेच्या पाचपट. पाच टक्क्यांच्या बिअरची लहान बाटली घेतली तरी आकडा तिशीच्या काठावर येतो. पोट रिकामे की भरलेले, शरीर कसे, यावर थोडा फरक पडतो. स्त्रियांच्या बाबतीत तेवढ्याच दारूने आकडा जास्त चढतो. "मला काही होत नाही" हे वाक्य या हिशोबात कुठेच बसत नाही. सवयीच्या माणसाला चढलेली जाणवत नाही इतकेच. रक्तातला आकडा तोच असतो.

उतरण्याचा हिशोब तर बहुतेकांना ठाऊकच नाही. शरीर ताशी साधारण पंधरा मिलिग्रॅम या गतीने अल्कोहोल जाळते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कांदा, बडीशेप यांनी ही गती वाढत नाही. दीडशेचे तीस व्हायला आठ तास लागतात. रात्री साडेअकराला हळदीच्या मांडवात क्वार्टर संपविलेला तरुण सकाळी साडेसात वाजता कायद्याच्या काठावर येतो. आणि आपल्याकडची माणसे सहाच्या गाडीसाठी साडेपाचला मोटारसायकल काढून स्टेशनकडे निघालेली असतात! रात्री चालविली नाही म्हणून तो स्वतःला शहाणा समजतो. पहाटे त्याच्या रक्तात साठ मिलिग्रॅम असतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट.

आपली तीसची मर्यादा जगाच्या मानाने कडक आहे. इंग्लंडमध्ये ती ऐंशी आहे, स्कॉटलंडने २०१४ साली पन्नासवर आणली, जपानची आपल्यासारखीच तीसच्या पातळीची आणि स्वीडनची वीस. कागदावर आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. रस्त्यावर मात्र २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे अपघातात मेली. सरकारी अहवालात त्यांतील दारूमुळे झालेल्या मृत्यूंचा वाटा फारच थोडा दिसतो. आमच्या मते हा आकडा रस्त्यापेक्षा कागदाविषयी जास्त सांगतो. अपघातानंतर चाचणीच झाली नाही, तर अहवालात दारू येणार कुठून?

चाचणीविषयी दोन गोष्टी सर्वांना ठाऊक असाव्यात. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला वाजवी संशय असेल तर तो तोंडाने फुंकायचे यंत्र पुढे करू शकतो. नळी नवीन लावा, असे नम्रपणे सांगायचा आपल्याला हक्क आहे. पण फुंकणारच नाही म्हटले, तर वॉरंटाशिवाय अटक करता येते आणि तो नकार पुढे आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून येतो. कलम १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. नाही तर त्या माणसाला कोठडीतून सोडावे लागते. ही तरतूद नागरिकाच्या संरक्षणासाठी आहे, ती चांगलीच आहे. पण ज्याच्याकडे वकील आणि ओळखी आहेत, त्याला वेळ काढण्याची किंमत बरोबर कळते.

इथे आपल्या तरुणांचा एक आक्षेप येतो. या भाषणाची तयारी करताना आम्हाला तो दोन-तीन जणांनी ऐकविला, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. ते म्हणतात, ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत अडवतात ते आम्हाला, मोटारसायकलवाल्यांना. मोठ्या गाडीची काच खाली होत नाही. हा आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालविणारा सतरा वर्षांचा. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, हे आपण सर्वांनी वाचले. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण ज्या तीस मिलिग्रॅमवर सगळा कायदा उभा आहे, तो आकडा एका लहान बाटलीत असतो आणि ती बाटली कोणाच्या तरी हातात असते, हे त्या प्रकरणाने सर्वांना दाखविले.

तरीही या आक्षेपाला आमचे एक उत्तर आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल मिळाले, म्हणजे आपल्या हिशोबात ११२ मिलिग्रॅम. एका क्वार्टरपेक्षाही कमी! सत्र न्यायालयाने २००७ च्या एप्रिलमध्ये फक्त हयगयीचा गुन्हा मानून सहा महिने कैद दिली. सात जिवांचे सहा महिने. लोक संतापले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम, म्हणजे ३०४ चा दुसरा भाग, लावून तीन वर्षे केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीन वर्षे ही शिक्षा अपुरीच आहे, पण राज्य सरकारने वाढीसाठी अपील केलेले नाही म्हणून आम्ही ती वाढवीत नाही, अशा आशयाचे मतही न्यायालयाने नोंदविले.

या निकालाने एक गोष्ट पक्की केली. पिऊन बेभान गाडी चालविणाऱ्याला आपल्या हातून माणूस मरू शकतो याची जाणीव आहे असे न्यायालय धरू शकते, आणि मग प्रकरण निव्वळ निष्काळजीपणाचे राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोनच वर्षे होती. सदोष मनुष्यवधाचे कलम आता १०५ झाले आहे.

तेव्हा तरुण मित्रांनो, नाकाबंदीत कोण अडविला जातो हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण फुटपाथवर कोण झोपलेला असतो, हा प्रश्नही आपलाच आहे. पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारी बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने सायकलवर जाणारा पहारेकरी, ही कोणाची माणसे आहेत?

आता आमच्या टेबलावरच्या कागदांकडे येतो. वाहनाच्या विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. २०१८ पूर्वी दुचाकीसाठी ते एक लाखच होते. पण मद्याच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात त्यातून वगळलेला असतो. स्वतःच्या गाडीची नुकसानभरपाईही तशीच. आमच्याकडे एक विधवा बाई आल्या होत्या. गाव, नाव सांगत नाही. नवरा दुचाकीवरून पडून गेलेला. विमा कंपनीचे पत्र त्यांना वाचता येत नव्हते म्हणून त्यांनी ते आमच्यासमोर ठेवले. इंग्रजीतील चार ओळी होत्या. रुग्णालयाच्या कागदावर दारूचा वास येत असल्याची नोंद होती, तिचा हवाला देऊन दावा नाकारला होता. गाडीच्या कर्जाचे एकोणीस हप्ते बाकी होते. त्या बाईंनी दारूला कधी हातही लावला नव्हता, आणि तिची वसुली त्यांच्याकडून चालली होती.

"चाचणीच झाली नाही तर कंपनी काय सिद्ध करणार?" असे कोणी म्हणेल. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका मोटारीच्या प्रकरणात सांगितले, की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नसली तरी इतर परिस्थितीवरून कंपनी अंमल सिद्ध करू शकते. आणि समोरचा मेला किंवा जायबंदी झाला, तर न्यायालये बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात व ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. ती लाखांत असते. खोली विकली जाते.

धक्का देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून. आपल्यापैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात करावा लागतो. कोणावर वेळ आलीच, तर कागद लिहून द्यायला आम्ही आहोत.

पंचशीलाविषयी आम्ही इथे काय सांगावे? आपण रोज म्हणतो. फक्त एका शब्दाकडे लक्ष वेधतो, कारण पदवीला पाली हा विषय आमच्याकडे होता. पाचव्या शीलात मद्याबरोबर 'पमाद' हा शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा, हयगय. अपघाताच्या खटल्यात फौजदारी कायदाही तेच विचारतो, हयगय झाली का? नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. तरीही लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे काय चालते, तेही सगळ्यांना पाठ. आम्ही कोणाचे नाव घेत नाही. पहिल्या रांगेतल्या काकांनी उगाच मान खाली घालू नये.

जाता जाता कलम १८८ सांगतो, ते फारसे कोणी सांगत नाही. पिऊन वाहन चालविण्यास जो चिथावणी देतो किंवा साथ देतो, त्यालाही तीच शिक्षा आहे. पिलेल्या मित्राच्या हातात चावी देऊन "चल, सोड मला स्टेशनला" म्हणत मागे बसणारा स्वतःला निर्दोष समजतो. पोलिसांनी आणि न्यायालयाने मनावर घेतले तर तो त्याच कलमाच्या शेजारी बसलेला आहे.

जयंतीच्या मिरवणुकीच्या ट्रकविषयी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना लेखी दिली आहे. चालक बाहेरचा, पगारी आणि न पिणारा असावा, त्याच्या लायसन्सची प्रत कार्यालयात आधी जमा व्हावी आणि मिरवणूक संपेपर्यंत ट्रकची चावी त्याच्याखेरीज कोणाकडे जाऊ नये. हळदीच्या कार्यक्रमांसाठी महिला मंडळाने याहून सोपी युक्ती सुचविली आहे. मांडवाच्या दाराशी एक टेबल, त्यावर एक डबा, येणाऱ्याने दुचाकीची चावी त्यात टाकायची आणि जाताना ती आपल्या भगिनींकडून मागून घ्यायची. मागणाऱ्याच्या तोंडाला वास आला, तर चावी दुसऱ्या दिवशी दुपारी. यंत्राची गरज नाही, आणि आपल्या भगिनींसमोर ओळखीपाळखीही चालत नाहीत. डब्याची वर्गणी आम्ही आजच देत आहोत.

जयभीम!