परवानगीची किंमत कोण मोजतो?



मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटी हे भाताचे गाव. इगतपुरी तालुक्यातील भात येथे येतो, येथील गिरण्यांत भरडला जातो आणि तांदूळ होऊन बाहेर पडतो. रेल्वेचे स्थानक आहे. सिन्नरकडे आणि भंडारदऱ्याकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. अशा ठिकाणी जमिनीचे मोल तिच्यात काय पिकते यावरून ठरत नाही. तिच्यावर उद्या काय बांधता येईल यावरून ठरते. म्हणूनच बांधकामाची परवानगी हा केवळ कचेरीतील टेबलाचा प्रश्न मानता येत नाही. तो संपत्तीच्या वाटपाचा प्रश्न आहे.

भाताचे खाचर बिनशेती झाले की त्याच मातीचे मोल अनेक पटींनी वाढते. या वाढीत मालकाचा घाम नसतो. सार्वजनिक पैशाने बांधलेला रस्ता, रेल्वे आणि शासनाचा एक आदेश यांतून ती जन्मते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी एकोणिसाव्या शतकातच या अनर्जित वाढीवर समाजाचा हक्क सांगितला होता. आपल्याकडे ती वाढ बहुतांशी त्याच्याच पदरात पडते, ज्याला थांबणे परवडते. आणि ज्या कागदाने एवढे मोल निर्माण होते, त्या कागदाभोवती दलाल जमले तर त्यात नवल ते काय?

कायद्याची रचना पाहावी. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या 52 व्या कलमाने गावातील बांधकामास पंचायतीची परवानगी आवश्यक केली. पुढे 1966 मध्ये दोन कायदे आले. जमीन महसूल संहितेने शेतजमिनीच्या बिनशेती वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घालून दिली. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातील बांधकामाचा अधिकारही त्यांच्याकडेच सोपविला. घोटीसारखे गाव बाजारपेठेने शहर होत गेले, परंतु त्याची वाढ दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्याच कारभाराखाली झाली. परिणामी कर गावात भरायचा, आराखड्यावरील निर्णयासाठी मात्र तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेऱ्या गाठायच्या, अशी नागरिकांची स्थिती झाली.

नगररचना कायद्याच्या 45 व्या कलमात एक दिलासा आहे. 60 दिवसांत उत्तर आले नाही, तर नियमांत बसणाऱ्या बांधकामास परवानगी मिळाली असे मानले जाते. तथापि कचेरीने एखादी त्रुटी काढली की हे दिवस अर्जदाराच्या खुलाशापासून मोजले जातात. म्हणजे अर्ज नाकारण्याची गरजच उरत नाही. एक त्रुटी पुरे. बड्या विकासकाच्या हिशेबात विलंबाचे व्याज आधीच धरलेले असते आणि तो ते सदनिकेच्या दरात वसूल करतो. हमालाने वा गिरणीतील कामगाराने ते कोणाकडून वसूल करावे? तो भाडे भरीत राहतो, कर्जाचे व्याजही भरतो, आणि तोवर सिमेंट-लोखंडाचे भाव चढतात. दिरंगाई हा भांडवल नसलेल्यांवर बसविलेला कर आहे. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही एवढेच.

शासनाने सुधारणा केल्या, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. फेब्रुवारी 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने जाहीर केले की ग्रामीण भागात सुमारे 3,200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी नगररचनाकाराकडे जाण्याची गरज नाही. 1,600 चौरस फुटांपर्यंत तर मालकीची कागदपत्रे, नकाशे आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला पंचायतीत देऊन शुल्क भरले की पुरे. लहान घरासाठी एवढी धावपळ मुळातच अनावश्यक होती, ही या निर्णयाने दिलेली कबुलीच होय.

परंतु या यादीतील पहिला शब्द ‘मालकी’ हा आहे. गरिबाची वाट तेथे अडते. पंचायतीच्या नमुना 8 वर नाव असते, घरपट्टीची पावती असते, विजेचे बिलही असते; पण नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वडिलोपार्जित घराचे वाटप तोंडी झालेले, जागा गुंठ्याने घेतलेली, सात-बारावर नाव चुलत्याचे. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम 2020 पासून देशभर सुरू झाले. ते स्वागतार्ह आहे, पण ती मोजणी गावठाणापुरती असते. वस्ती मात्र गावठाणाची वेस केव्हाच ओलांडून गेली आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील, योजनेत विकासयोग्य दाखविलेल्या जमिनीला बिनशेतीची सवलत मिळते. तिचा लाभही ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच. भूमिहीनाला 200 मीटर काय आणि 2,000 मीटर काय, सारखेच!

यावर परवानगीच रद्द करा, असे काही मंडळी सुचवितात. ते समाजवाद्यांना मान्य होणार नाही. इगतपुरीच्या मुसळधार पावसात ओढ्याचे पात्र बुजवून बांधलेली इमारत शेजारच्या दहा घरांत पाणी घालते. नियम हवेतच, ते दुर्बळाच्या रक्षणासाठीच असतात. मात्र आज ते दुर्बळाच्या घरावर नोटीस म्हणून चिकटतात आणि धनिकाच्या इमारतीला दंड भरून नियमित होण्याची सोय करून देतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन गावोगाव उभे राहावे. महसूल संहितेच्या 122 व्या कलमाखाली गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तो वापरून गावठाण विस्तार करावा आणि त्यातील भूखंड प्रथम बेघरांना द्यावेत. प्रत्येक अर्ज, त्याची तारीख आणि काढलेली त्रुटी पंचायतीच्या फलकावर लावावी. त्रुटी एकदाच आणि सर्व एकत्र काढाव्यात. आणि बिनशेतीने वाढलेल्या मोलाचा रास्त हिस्सा त्याच गावाच्या पाण्यासाठी, गटारांसाठी व घरांसाठी खर्च व्हावा.

ज्या गावाच्या रस्त्यांमुळे जमिनीला सोन्याचा भाव येतो, त्या गावात पोती उचलणाऱ्याला चार भिंतींची जागा कायद्याने मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत ‘अनधिकृत’ हा शब्द त्याच्या घराला लावण्याचा नैतिक अधिकार शासनाला पोहोचत नाही.