पसंती एकीकडे, मत दुसरीकडे

(आकाशवाणीवरील भाषण)



छत्तीसगडच्या भिलाई नगर विधानसभा मतदारसंघात २०२३ साली काँग्रेसचे देवेंद्र यादव १,२६४ मतांनी निवडून आले. समोर भाजपचे प्रेमप्रकाश पांडे होते. २०१८ मध्येही हेच दोघे समोरासमोर होते आणि तेव्हा अंतर होतं २,८४९ मतांचं. २०२३ च्याच निवडणुकीत कांकेरची जागा भाजपने अवघ्या १६ मतांनी घेतली आणि अंबिकापुरात उपमुख्यमंत्री टी. एस. सिंहदेव ९४ मतांनी पडले. इतक्या अटीतटीच्या मुलुखात ज्याला तिसऱ्याच पक्षाचा उमेदवार पटतो, त्याची मतदानाआधी चांगलीच ओढाताण होते. सेक्टरमधल्या क्वार्टरांत, पॉवर हाऊसच्या बाजारात, सुपेल्यात, जिथे जाईल तिथे त्याला एकच ऐकवलं जातं, "वोट बेकार मत करो, भैया."

आणि तो बहुधा ऐकतो. केंद्रावर जातो, बोटाला शाई लावून घेतो, आडोशामागे उभा राहून दोन मोठ्यांपैकी त्यातल्या त्यात बऱ्या वाटणाऱ्याचं बटण दाबतो. शेजारच्या यंत्राच्या काचेआड चिठ्ठी दिसते. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद ती तिथे असते, मग खालच्या डब्यात पडते. मनात ज्याचं नाव होतं, त्याचा त्या चिठ्ठीवर मागमूसही नसतो.

आजचं बोलणं या मतदाराविषयी आहे. त्याने तत्त्व विकलं असं कुणी म्हणू नये. नको असलेला माणूस १६ मतांनी निवडून येऊ शकतो हे दिसत असताना दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला मत देणं हा सरळ व्यवहार आहे. पण त्याच्या पहिल्या पसंतीचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही. खरा प्रश्न तो आहे.

दहा माणसांचं एकत्र कुटुंब घ्या. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारातून एकच भाजी आणायची आहे. चौघांना कारलं हवं, तिघांना भेंडी, तिघांना गवार. प्रत्येकाने मनातलं सांगितलं तर कारलं येणार, आणि ज्या सहा जणांच्या घशाखाली ते उतरत नाही त्यांच्याही पानात तेच पडणार. म्हणून गवारवाले तिघे भेंडीला हात वर करतात. भेंडी येते, सहा जण पोटभर जेवतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. घरातली कर्ती बाई मनाशी नोंद करते की सहा जणांना भेंडी आवडते आणि गवार कुणी मागतच नाही. मग ती गवारीच्या टोपलीपाशी थांबत नाही. अशी दहा घरं झाली की भाजीवाली गवार आणणंच सोडून देते. आणि भेंडीवाले तिघे सांगत फिरतात की आमच्या बाजूने सहा जण आहेत. त्या सहांतले तिघे उसने आहेत, हे घरात कुणाच्या लक्षातच राहिलेलं नसतं. गवारवाल्यांनी हात वर करताना एवढंच म्हटलं असतं, की आम्हाला गवार आवडते, कारलं टळावं म्हणून आज भेंडी, तर पुढच्या महिन्याचा हिशेब वेगळा झाला असता.

भिलाईला हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना ज्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणींनी लोहखनिज पुरवलं, तिथे १९७७ साली शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. हे नियोगी एके काळी भिलाईच्याच कोक ओव्हनमध्ये कामाला होते. पुढे छत्तीसगड मुक्ती मोर्चा आला, लाल-हिरवा झेंडा आला, दारूविरुद्धची मोहीम झाली, कामगारांच्या पैशांतून आणि श्रमांतून १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. मोर्चाचे जनकलाल ठाकूर डौंडी लोहारातून १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये आमदार झाले. दोन्ही मोठ्या पक्षांना मागे टाकून तिसरा निवडून येतो, हे या भागाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भिलाईत मात्र मोर्चाचा आमदार कधी झाला नाही. नियोगी इथल्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी लढत होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे हुडको वसाहतीतल्या घरी, झोपेत असताना, त्यांना गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ ला पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक जीव गेले. एवढं सोसलेल्या गावात त्या झेंड्याबद्दल आपुलकी नव्हती असं कोण म्हणेल? पण खाणीच्या वस्तीत सगळे एका कामाचे, एका संघटनेचे, एका जागी राहणारे. भिलाईत विदर्भातला, आंध्रातला, बिहारचा, केरळचा, पंजाबचा माणूस शेजारी शेजारी राहतो. आपुलकी विखुरलेली असली की आमदार होत नाही. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ साली लिहून ठेवलं होतं की एका मताने एक जागा ठरवणाऱ्या पद्धतीत लोक हळूहळू दोन मोठ्यांकडे वळतात. तिसरा टिकतो तो एखाद्या पट्ट्यात दाटीने असला तरच. कारखान्यातल्या युनियनच्या निवडणुकीत लाल बावट्याला मत देणारा कामगार विधानसभेला पंजाकडे किंवा कमळाकडे का वळतो, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं आज बाजूला ठेवू या.

"मत वाया जातं" असं बजावणारे २००३ चा दाखला देतात. विद्याचरण शुक्लांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रवादी काँग्रेसचं घड्याळ छत्तीसगडात लढलं. सुमारे सात टक्के मतं आणि एक जागा मिळाली. भाजप आणि काँग्रेस यांच्यात अंतर अडीच टक्क्यांच्या आसपास होतं आणि अजित जोगींचं काँग्रेस सरकार गेलं. दाखला खरा आहे. पण २०१८ चा दाखला कुणी देत नाही. जोगींचा नवा पक्ष आणि बसपा यांनी मिळून अकरा टक्क्यांहून जास्त मतं आणि सात जागा घेतल्या, काँग्रेसचं नुकसान होणार असं जो तो म्हणत होता, आणि काँग्रेसच्या ६८ जागा आल्या. महाराष्ट्रात २०१९ ला नांदेडला अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी हरले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखावर मतं पडली, तेव्हाही सगळा दोष त्या मतदारांच्या माथी मारला गेला. ती सगळी मतं चव्हाणांनाच पडली असती असं धरून चालायला आधार काय? जागेनुसार हिशेब बदलतो. जिथे अंतर पन्नास हजारांचं आहे, तिथे भीतीपोटी पसंती गिळण्याचं कारणच नाही.

शिवाय हरलेल्याला पडलेलं मतही मोजलं जातं. राज्यात सहा टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा नुसती आठ टक्के मतं, एवढ्यावर पक्षाला राज्य पक्षाची मान्यता मिळते आणि चिन्ह राखून राहतं. सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं मिळाली तर अनामत परत येते. २०१३ मध्ये 'नोटा'चं बटण पहिल्यांदा आलं ते छत्तीसगडसह पाच राज्यांत. त्या वेळी इथे तीन टक्क्यांहून जास्त लोकांनी ते दाबलं आणि भाजप-काँग्रेसमधलं अंतर एका टक्क्याहून कमी होतं. त्या तीन टक्क्यांची चर्चा आजही होते, कारण ते आकड्यांत उतरले.

पसंती आकड्यांत उतरली पाहिजे, हे पुन्हा सांगावंसं वाटतं.

पसंती नोंदवून घेणारी पद्धत आपल्याच देशात आहे. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आपले चिंतामणराव देशमुख तिसरे उमेदवार होते. त्यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. ते बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजली गेली. ती बहुतेक नीलम संजीव रेड्डींकडे गेली, तरी व्ही. व्ही. गिरी थोडक्यात निवडून आले. देशमुखांना मत देणाऱ्यांना मनातलं लपवावं लागलं नाही आणि गिरी की रेड्डी, या निर्णयातही त्यांचा वाटा राहिला. नागपूरच्या पदवीधर मतदारसंघात आपले सोयरे असंच क्रमांक लिहून मत देतात. श्रीलंकेत २०२४ च्या सप्टेंबरात अध्यक्ष निवडताना पहिल्यांदाच दुसरी पसंती मोजावी लागली आणि मग अनुरा कुमार दिसानायके विजयी ठरले. आपल्या विधानसभेसाठी हे कधी येईल, त्यासाठी कायद्यात काय बदलावं लागेल, हे सांगायला आज वेळ पुरणार नाही.

तोवर निदान बोला तरी. दुसऱ्या पसंतीने मत दिलं असेल तर ज्याला दिलं त्याला ते कळवा. कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर आमचा कौल दुसऱ्याला होता, मत तुम्हाला दिलं, असं दोन ओळींचं पत्र आमदाराला गेलं पाहिजे. १,२६४ मतांनी जिंकलेल्या माणसाला अशी दोनशे पत्रं आली तर तो ती बाजूला टाकू शकणार नाही. आणि जो पक्ष खरा आवडतो त्याच्या सभेला जा, वर्गणीची पावती फाडा. भिलाई महापालिकेचे ७० वॉर्ड आहेत. तिथे काही हजार मतांत निकाल लागतो आणि उमेदवार गल्लीतला, ओळखीचा असतो. २०२१ च्या डिसेंबरात तिथून अपक्षही निवडून आले. रायपुरात कुणाचं सरकार बसणार, हे त्या मतावर ठरत नाही, म्हणून तिथे तरी पहिल्या पसंतीचं बटण दाबायला कुणी कचरू नये. नळाच्या पाण्यासाठी आणि गटारासाठीही तिसऱ्या पक्षाचा नगरसेवक चालतो, हे लोकांनी एकदा वॉर्डात पाहिलं की मग विधानसभेला… वेळ झाली.