ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील वायू
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलगा पुढे गॅरेजमध्येच जाणार, तर त्याला रसायनशास्त्र कशाला, असे काही पालक विचारतात. तुमच्या ओळखीच्या एका वायूवरूनच उत्तर देतो. वेल्डिंगसाठी कार्बाइडवर पाणी सोडून जो ॲसिटिलीन तयार करतात, तोच वायू मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वाढू लागला की अभियंत्यांची झोप उडते. आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात असे अवाढव्य ट्रान्सफॉर्मर आहेत.

त्यांतील तारांची वेटोळी खनिज तेलात बुडविलेली असतात. तेल उष्णता बाहेर नेते आणि वीज भलतीकडे जाऊ देत नाही. हे तेल म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांचे मोठे रेणू. आत कोठे बारीक पोकळी राहिली तर तेथे विजेचा सूक्ष्म विसर्ग होत राहतो. त्याची शक्ती थोडी, म्हणून मुख्यतः हायड्रोजन सुटतो, थोडा मिथेन. नुसते तेल फार तापले तर इथिलीन वाढतो. पण जोराची ठिणगी पडत राहिली तर रेणूंचा पार चुरा होतो, आणि कार्बनचे दोन अणू तिहेरी बंधाने जोडले जाऊन ॲसिटिलीन बनतो. पुस्तकातले एकेरी, दुहेरी, तिहेरी बंध ते हेच!

वायू फार झाला की बुडबुडे वर चढतात. वाटेतल्या नळीत जर्मन अभियंता माक्स बुखोल्झ यांनी १९२१ साली शोधलेला रिले बसविलेला असतो. त्यात वायू साठला की तरंगता गोळा खाली येतो आणि घंटा वाजते. गल्लीतल्या डीपीला अशी घंटा सहसा नसते. तेव्हा संक्रांतीत अडकलेला पतंग काढायला मुलांना तिच्यावर चढू देऊ नका.

बुडबुडे दिसण्याच्या कितीतरी आधी वायू तेलात विरघळलेला असतो. हवा लागू न देता काचेच्या सिरिंजमध्ये तेल काढतात आणि प्रयोगशाळेत एकेक वायू वेगळा करून मोजतात. कॅनडातील मिशेल दुव्हाल यांनी मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन यांच्या प्रमाणावरून दोष ओळखण्याचा त्रिकोणच आखून दिला आहे.

मात्र त्रिकोणावर डोळे मिटून विसंबता येत नाही. व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या टॅप चेंजरमध्ये ठिणगी पडणे नेहमीचेच असते. तिथले तेल झिरपून मुख्य टाकीत आले तर निरोगी ट्रान्सफॉर्मरमध्येही ॲसिटिलीन सापडतो. म्हणून जाणकार माणूस मागचे अहवाल काढतो, पुन्हा नमुना घेतो, आणि मगच टाकी उघडायची की नाही ते ठरवतो.