भिंत कापण्याआधी

(वडसा येथे वायरिंग आणि नळाचे काम शिकणाऱ्या तरुण-तरुणींपुढे केलेले भाषण)

 

तुमच्यापैकी बहुतेक जण कुरखेडा, कोरची, आरमोरी, धानोरा या भागांतून आला आहात. धान घरात आले की पुढचे काही महिने हाताला दुसरे काम शोधावे लागते. कोणी गावातल्या घरकुलाचे वायरिंग करील, कोणी वडशाहून गोंदियाची नाहीतर बल्लारशाची गाडी पकडून शहरातल्या मोठ्या इमारतींवर जाईल. दोन्हीकडे एक काम चुकत नाही. पाईप बसवण्यासाठी भिंतीत चर पाडायचा, म्हणजे झिरी मारायची. पूर्वी हे छिन्नी-हातोडीने होई. आता ग्राइंडर लावला की दिवसाचे काम तासाभरात उरकते. मशीन चालवायला तुमचे मिस्त्री शिकवतील. मशीन चालवणारा माणूस धडधाकट कसा राहील, एवढेच मला बोलायचे आहे.

पहिली गोष्ट, मशीन हातात घेण्याआधी भिंत नीट पाहा. जुन्या घरात वायर बहुधा स्विच बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली गेलेली असते. त्या रेषेत चकती घालू नका. मेन बंद करा, टेस्टर लावून खात्री करा, मगच खूण आखा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची भिंतीत उभी तीन इंच, आडवी दीड इंच. साडेचार इंची भिंतीत उभी दीड इंच, आडवी फक्त पाऊण इंच. पाऊण इंचाचा पाईप आणि त्यावरचे प्लास्टर एवढ्यात मावत नाही. म्हणून पातळ भिंतीत आडवी झिरी मारायचीच नाही, पाईप वरून न्यायचा आणि बोर्डापाशी सरळ खाली उतरवायचा. कॉलम, बीम, लिंटेल यांना हात लावू नका. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीला झिरी मारू नका, तिथे वरून केसिंग पट्टी लावा. पट्टी दिसते म्हणून घरमालक कुरकुर करील. करू द्या. भिंत उभी राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट चकतीची. चार इंची मशीन मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेते. म्हणजे चकतीची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावते. वाकडी झाली, अडकली, तर मशीन झटक्याने अंगावर उसळते. म्हणून दोन्ही हातांनी धरा, बाजूची मूठ काढू नका, खांद्याच्या वर कापू नका, चकतीच्या रेषेत उभे राहू नका. चार इंची मशीनला पाच इंची चकती बसवायला गार्ड काढून टाकतात, ते कधीही करू नका. लाकडाची दातेरी चकती ग्राइंडरला लावू नका. विटेला डायमंड ब्लेड लावा आणि तिच्यावर छापलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाहीत ना, ते पाहा. चकती बदलताना प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरची उघडी टोके काड्या खोचून सॉकेटमध्ये घालायची सवय आजच सोडा. शक्य तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलेल्या बोर्डावरूनच वीज घ्या. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे हवेत. गळ्यात लोंबता दुपट्टा नको.

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला छताला कठडा करायला सांगितले आहे, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष घराला लागणार नाही. मशीनचा गार्ड हा तसाच कठडा आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी, पण तिचे रक्त दिसत नाही. ती म्हणजे धूळ. वाळू, वीट, दगड, टाइल यांत सिलिका असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसात खोल जाणारे कण पाच मायक्रॉनहूनही बारीक असतात. डोळ्याला दिसणारी धूळ खाली बसली, तरी हे कण हवेत तरंगत राहतात. ते फुफ्फुसात साचले की सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या जिल्ह्यांतले आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडच्या दगड दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले. परत आले ते धाप घेऊन. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पैसे द्यायला सांगितले. त्या कारखान्यांतली धूळ आपल्या झिरीच्या धुळीपेक्षा कितीतरी दाट होती, हे खरे. पण सिलिका तीच आणि फुफ्फुसही तेच. रोज बंद खोलीत झिरी मारणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मग करायचे काय? जेवढे कमी कापाल तेवढी धूळ कमी. कडेच्या दोन रेषाच मशीनने मारा, मधला भाग छिन्नीने काढा. दारे-खिडक्या उघडा, बाकीच्यांना खोलीबाहेर पाठवा. धूळ ओढणारे मशीन ठेकेदाराकडे असेल तर मागून घ्या. साध्या ग्राइंडरवर पाण्याची धार सोडू नका, शॉक बसेल. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. एन ९५ मास्क घ्या, नाकाशी घट्ट दाबा. दाढी वाढली असेल तर तो नीट बसत नाही. झाडण्याआधी पाणी शिंपडा. कामाचे कपडे घरी झटकू नका, लेकरे तीच हवा घेतात.

आणखी एक. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका वाढतो, आणि खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे दोन्हींत सारखी. आपल्या भागात खोकला म्हटला की टीबीच आठवतो. तपासणी जरूर करा, टीबी निघाला तर औषध पूर्ण घ्या. पण डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी भिंती कापतो." ते विचारतीलच असे नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. वय १८ ते ६० असेल आणि वर्षात ९० दिवस काम केले असेल, तर कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. वायरिंग आणि नळाचे कामही त्यात येते. कामाच्या दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून हातोहात घ्या, गाव सोडल्यावर तो मिळवणे कठीण जाते.

ठेकेदार म्हणेल, मास्कमुळे काम मंदावते. त्याला सांगा, दहा मिनिटे जास्त लागतील. घरी तुमची वाट पाहणारी माणसे आहेत, तुमच्या श्वासावर त्यांचाही हक्क आहे. मास्क आणि चष्मा आजच पिशवीत टाका. उद्याच्या कामाला ते लागणार आहेत.