टाक्याखालचे पाणी



कार्यक्रमपत्रिकेवरचा आजचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलणारा माणूस पोटाच्या शस्त्रक्रियेवर काय बोलणार? मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि आजारी सभासदांच्या खाटेशेजारी झाले. पण कष्टकऱ्याचा देह हेच त्याचे भांडवल, आणि आपल्या भांडवलाचा हिशेब ज्याचा त्याला कळला पाहिजे.

ज्याला इंग्रजीत 'टमी टक' म्हणतात ती शस्त्रक्रिया श्रीमंतांची हौस आहे, असा समज आहे. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. परंतु दोन-तीन बाळंतपणांनंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकतात, बेंबीशी हर्निया होतो, पाठ धरते, ओझे उचलवत नाही. अशा बाईला ही शस्त्रक्रिया म्हणजे दुरुस्ती असते. लोंबते पोट कापून काढल्याची नोंद बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ सालीच केली होती.

आता आत काय घडते ते पाहू. सर्जन बेंबीखालची कातडी व चरबी काढतो, वरची कातडी बरगड्यांपर्यंत स्नायूंपासून सोडवतो, स्नायू शिवतो आणि कातडी खाली ओढून टाके घालतो. दोन थरांमध्ये त्यामुळे मोठी पोकळी राहते. शरीरातले जादा पाणी परत नेणाऱ्या बारीक लसवाहिन्याही कापल्या जातात. गटार तुटले आणि नळ चालू राहिला, तर अंगणात तळे साचणारच.

यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. सूज ही ओल्या कापसासारखी असते. पाणी मांसात मुरलेले असते. ती पहिल्या काही आठवड्यांत जास्त, संध्याकाळी अधिक, आणि पुरती उतरायला कित्येक महिने घेते. तिला भिऊ नये. दुसरे म्हणजे पोकळीत साठलेले पिवळसर पाणी. डॉक्टर त्याला 'सेरोमा' म्हणतात. हात लावला की ते पखालीसारखे हिंदकळते, एखादी बाजू अचानक फुगते. या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासांत हा सर्वांत नेहमीचा. डॉक्टर ते सुईने काढतात. कधी पुनःपुन्हा काढावे लागते. दुर्लक्ष केले तर त्यात पू होतो, किंवा त्याभोवती जाड पिशवी बनते आणि पुन्हा चाकू लावावा लागतो.

ते टाळण्यासाठी नळ्या ठेवतात. चोवीस तासांत येणारे पाणी साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की बहुतेक सर्जन त्या काढतात. पोटाला पट्टा बांधतात. ब्राझीलचे बारौदी यांनी १९९८ साली आणि अमेरिकेतील पोलॉक पितापुत्रांनी २००० साली आणखी एक उपाय मांडला: वरची कातडी खालच्या थराला जागोजाग टाक्यांनी जखडायची, म्हणजे पोकळीच उरत नाही. आमच्या आयाबाया गोधडीचे थर सरकू नयेत म्हणून धावदोरा घालतात, तीच ही युक्ती!

पण टाके सर्जनने घातले तरी विश्रांती कोण देणार? आमच्या एका सभासद भगिनीची हर्नियासह ही शस्त्रक्रिया झाली. बाराव्या दिवशी तिला पेट्या उचलायला बोलावले. "हौसेचे ऑपरेशन, त्याला रजा कसली?" असे उत्तर मिळाले. ती गेली. आठवड्याभरात पोटाची उजवी बाजू फुगली आणि तीन वेळा पाणी काढावे लागले. साहेबांच्या पोटातले पाणी मात्र हलले नाही! डॉक्टरांचा दाखला पुढे ठेवून आम्ही भांडलो, तेव्हा सहा आठवड्यांची रजा मिळाली. थर एकमेकांना चिकटायचे असताना ओझे उचलले, तर ते घासतात, सरकतात आणि पाणी वाढते. म्हणून साधारण सहा आठवडे ओझे नको. मात्र अंथरुणालाही खिळू नये; पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून डॉक्टर पहिल्या दिवसापासून थोडे चालवतात.

घरच्यांसाठी चार गोष्टी सांगतो. सुजेवर गरम शेक देऊ नका. तिथली कातडी बधिर असते, भाजले तरी कळत नाही. विडी-सिगारेट बंद ठेवा. तिने रक्तपुरवठा आखडतो आणि जखमेची कड मरते. नळीतले पाणी रोज मोजून लिहून ठेवा. आणि ताप, लाली, घाण वास, अचानक फुगवटा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर मग क्षणभरही थांबू नका.

पहिल्या दोन बाळंतपणांची रजा २०१७ साली कायद्याने २६ आठवड्यांची झाली, ती मागितल्यामुळे झाली. बाळंतपणांनी झालेली मोडतोड दुरुस्त करणाऱ्या बाईलाही विश्रांती मागता आली पाहिजे, आणि ती मागताना तिला शरम वाटता कामा नये. तोवर निदान तिच्या हातातली घागर तरी आपण घेऊ या.