घरातली शिकवण आणि गावचा कारभार
(शताब्दी सोहळ्यातील भाषणाचे शब्दांकन)

आपली दिंडी शंभर वर्षं चालली ती जशी पायांवर चालली, तशी पाठांतरावरही चालली. इथं बसलेल्यांपैकी किती जण हरिपाठ पुस्तकातून शिकले? फार थोडे. कुणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकला, कुणी आईच्या मागं म्हणत म्हणत पाठ केला. ज्ञानोबा-तुकोबा आपल्या घरी आले ते याच वाटेनं. या घरच्या शाळेचा आणि सरकारच्या धोरणाचा जवळचा संबंध आहे, तेवढंच आज मला सांगायचंय.

जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं. ते शिकणं उंबरा ओलांडून बाहेर आलं आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढं १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढं लेखी मागणी केली, की बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. साऱ्या देशाला लागू होणारा शिक्षण हक्क कायदा झाला तो २००९ साली. सव्वाशे वर्षं गेली, माउली!

या कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या लेकराला शिक्षणाचा हक्क दिला. शिवाय प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली. त्या समितीत ७५ टक्के आईबाप पाहिजेत आणि निम्म्या महिला पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठं खर्च झाला ते बघायचं, हे तिचं काम. म्हणजे कारभार आपल्या हातात दिलाय. पण इतिवृत्तात काय लिहिलंय ते वाचताच येत नसेल आणि दाखवतील तिथं अंगठा उठवायचा असेल, तर खुर्ची मिळाली, अधिकार कुठं मिळाला?

२०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार राज्यात पुढं आला. वाडीवरची पहिलीतली पोर भरल्या ओढ्यातून पलीकडं कशी जाणार, हे मुंबईतल्या फायलीला दिसत नाही. तिच्या आईला दिसतं. ते आईनं सभेत सांगितलं पाहिजे, इतिवृत्तात लिहून घेतलं पाहिजे आणि लिहिलेलं वाचून मगच सही केली पाहिजे.

आता कुणी म्हणेल, आमचं शिकायचं वय गेलं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या म्हाताऱ्या बायांची इच्छा काय होती? पोथी स्वतःला वाचता यावी, एवढीच. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ते मनावर घेतलं आणि ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेऊ लागली. आजीनंच पाटी धरल्यावर नातवाला शाळा बुडवायला तोंड राहतं का?

आज केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम चालू आहे. १५ वर्षांच्या पुढच्या कुणालाही त्यात शिकता येतं, वयाला वरची मर्यादा नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात. मग घरची सून, नात, कॉलेजातला पोरगा, यांनीच का शिकवू नये? सरकार योजना आखील, पुस्तक देईल. पण दिवेलागणीला आजीजवळ बसायला सरकार येणार नाही.

म्हणून शताब्दीनिमित्त दिंडीला तीन विनंत्या करतो.

पहिली, ज्या माळकऱ्याला वाचता येतं, त्यानं पुढच्या वारीपर्यंत आपल्या घरातल्या एकाला अक्षरं शिकवावीत. हरिपाठ तोंडपाठ आहेच. पुस्तकावर बोट ठेवून म्हटला, तर ओळखीचे शब्द लवकर डोळ्यांत बसतात.

दुसरी, समितीवर असलेल्या बायकांना सभेला जाऊ द्या. बायकोच्या जागी नवऱ्यानं जाऊन बसायचं, हे बंद करा.

तिसरी विनंती जरा बोचेल. जूनमध्ये शाळा उघडते आणि वारीही त्याच सुमाराला निघते. मोठी माणसं पंढरीला गेली, की धाकट्यांना आणि गुराढोरांना सांभाळायला थोरली पोरगी घरी राहते. पुस्तकं मिळायच्या दिवसातच तिची शाळा बुडते, आणि एकदा मागं पडलेली पोर नंतर शाळाच सोडते. आपलं पुण्य लेकीच्या शाळेवर उभं राहू नये. गावात मागं राहणाऱ्यांनी पाळी लावून ती घरं सांभाळावीत. तीही वारकऱ्यांची सेवाच आहे. निघायच्या आधी बैठकीत कोणत्या घरी कोण बघणार, ते वहीत लिहून ठेवा. ती वही वाचायला त्या पोरींनाच द्या.

राम कृष्ण हरी.